कच्च्या वहीला गुण द्या

अकरावी-बारावीच्या प्रकल्पाचे गुण फेअर फाइलला देणं थांबवावं आणि ते कच्च्या वहीला द्यावेत, असं माझं म्हणणं आहे. जी वही विहिरीच्या कठड्यावर उघडी पडली, जिच्यावर पाणी सांडलं, जिच्यात आकडे खोडून पुन्हा लिहिले गेले, ती परीक्षकाने मागून घ्यावी, मधलंच एखादं पान उघडावं आणि त्या पानावरून प्रश्न विचारावेत. स्पायरल बाइंडिंगची रंगीत फाइल बाजूला ठेवली तरी चालेल.

हे मत मला वाचून सुचलेलं नाही. मी बारावीला असताना एक प्रकल्प पूर्ण केला, त्याचं कौतुक झालं, आणि त्यात मी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. चूक कुठे झाली ते माझ्याच कच्च्या वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ते पान कुणी उघडलं नाही. मीही नाही.

आमचं गाव माणदेशात. सह्याद्री ओलांडून ढग इकडे पोचेपर्यंत रिते झालेले असतात. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही हवा तेव्हा पडेल याचा भरवसा नाही. अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय सक्तीचा आहे आणि त्यात प्रकल्प करावा लागतो. वर्गातल्या बऱ्याच जणांनी तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून तयार फाइल आणली, नाव बदललं आणि दिली. मला विषय घराजवळच सापडला. आमच्या ओढ्यावर सिमेंट नाला बंधारा मंजूर झाला होता, पुढच्या मे महिन्यात तो बांधून होणार होता. बंधाऱ्याने विहिरींचं पाणी वाढतं असं सगळेच म्हणतात. आपण मोजून बघू, असं मी ठरवलं. ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या १४ विहिरी निवडल्या, वीस मीटरची फायबरची टेप घेतली, तिच्या टोकाला लोखंडी नट बांधला आणि अकरावीच्या ऑक्टोबरमध्ये दर पंधरा दिवसांनी पाणी मोजायला सुरुवात केली.

पहिले तीन महिने वाया गेले. कसे गेले ते सविस्तर सांगते, कारण संशोधन म्हणजे काय हे मला त्या तीन महिन्यांत कळलं. मी रविवारी सकाळी नाष्टा करून निघायची. तोवर लाइट आलेली असायची, मोटरी चालू असायच्या. उपसा सुरू असलेल्या विहिरीत तुम्ही पाणी मोजता तेव्हा मोटरीने किती खेचलं ते मोजता, जमिनीत किती आहे ते नाही. विहिरीला विश्रांती मिळून झऱ्यांनी ती परत भरली, की जी पातळी स्थिरावते ती खरी. दुसरी चूक टेप धरण्याची होती. कुठे कठड्याच्या वरून, कुठे कठडा फुटला होता तिथून, एका विहिरीवर तर मोटेच्या जुन्या दगडावरून. एकाच विहिरीत दोन वेळच्या नोंदींत दोन फुटांचा फरक आला तेव्हा मी घाबरले. नंतर लक्षात आलं, की पाणी होतं तिथेच होतं, मी उभी राहिले ती जागा बदलली होती.

मग जानेवारीपासून शिस्त लावली. प्रत्येक कठड्यावर लाल ऑइलपेंटने खूण केली, खुणेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजून ती दर वेळी वजा केली. शेतीची थ्री फेज लाइट आमच्याकडे कधी दिवसा, कधी रात्री अशी आलटून पालटून असते. रात्रीच्या पाळीत पहाटेपर्यंत मोटरी चालतात, म्हणून दिवसपाळीच्या आठवड्यातच, लाइट यायच्या आधी, अंधार असताना मोजायला जायचं. आई बॅटरी धरून सोबत यायची. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदींवर मी तिरकी रेघ मारली, पण पानं फाडली नाहीत. का फाडली नाहीत हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

पुढे पदवीला भूशास्त्र घेतल्यावर कुलाबा वेधशाळेची हकिकत वाचली आणि माझी लाल खूण आठवली. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्या विजेमुळे नोंदी बिघडणार हे उघड झालं. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला नेली. पण कुलाब्याची यंत्रं त्यांनी लगेच बंद केली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी बरोबरीने नोंदी घेतल्या, म्हणजे जागा बदलल्याने आकड्यांत नेमका किती फरक पडतो हे कळावं आणि जुन्या नोंदी नव्यांना जोडता याव्यात. आज त्या जोडलेल्या नोंदींची लांबच लांब मालिका जगभरच्या अभ्यासकांना उपयोगी पडते. मापनाची जागा बदलली हे लपवण्यासारखं नव्हतं, ते मोजून लिहून ठेवण्यासारखं होतं. आपल्याच राज्यात, आपल्या समुद्रकिनाऱ्यावर घडलेली ही गोष्ट अकरावीच्या मुलांना प्रकल्प देण्याआधी सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

बारावीच्या जानेवारीत माझ्याकडे बंधाऱ्याच्या आधीच्या जानेवारीचे आणि नंतरच्या जानेवारीचे आकडे होते. १४ पैकी ९ विहिरींचं पाणी वर आलं होतं. फाइल करायची वेळ आली. आमच्या सरांनी ठरलेला नमुना दिला: प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतक, कार्यपद्धती, निरीक्षण तक्ता, आलेख, निष्कर्ष, उपाययोजना. मी तक्ता आखला. विहीर क्रमांक, तारीख, पातळी. १४ ओळी, तीन रकाने. निष्कर्षात लिहिलं, ‘बंधाऱ्यामुळे परिसरातील ९ विहिरींची पाणीपातळी वाढल्याचे दिसून येते.’ मुखपृष्ठावर बंधाऱ्याचा फोटो लावला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फाइल चाळली, आलेख छान काढलाय म्हणाल्या, निष्कर्ष वाचायला सांगितला आणि सही केली. मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. त्या दिवशी माझ्या पिशवीत कच्ची वही होती. ती बाहेर काढायची वेळच आली नाही.

१ मेच्या ग्रामसभेत माझ्या फाइलमधला निष्कर्ष मोठ्याने वाचला गेला. वरच्या अंगाला दुसरा बंधारा मागायचा ठराव होता, त्याला आधार म्हणून. मी बायकांच्या बाजूला बसले होते. आईने माझ्याकडे पाहिलं तेव्हा ऊर भरून आला.

जूनमध्ये चुलत बहीण अकरावीला आली. तिला दाखवायला म्हणून कच्ची वही काढली आणि चाळता चाळता एका पानाच्या समासात ही ओळ दिसली: ‘वि. ६ मध्ये निळा पाइप सोडलाय, पाणी पडतंय.’ पुढे आणखी पानं उलटली. वि. ८, निळा पाइप. वि. ११, काळा पाइप, बंद होता. वि. १३, पाइप. चारही विहिरी माझ्या त्या ९ मधल्या.

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे. विहीर आटत आली की शेतकरी बोअर घेतो, बोअरला पाणी थोडं थोडं लागतं, थेट पिकाला द्यायला ते पुरत नाही. म्हणून बोअरचं पाणी आधी विहिरीत सोडायचं, साठवायचं आणि मग मोठ्या मोटरीने उपसायचं. म्हणजे त्या चार विहिरींत वर आलेलं पाणी बंधाऱ्यातून झिरपलेलं असेलच असं नव्हतं. ते खाली, काळ्या फत्तराच्या फटींतून, शे-दोनशे फुटांवरून ओढून आणलेलंही असू शकत होतं. ज्या आकड्याला मी पाणी वाढल्याचा पुरावा म्हणाले, तो आकडा कदाचित खोलवरचं पाणी संपत चालल्याचा होता. उरलेल्या पाचांपैकी दोन विहिरी ओढ्यापासून लांब, माळावर. तिथे बंधाऱ्याचा संबंध पोचणं अवघड, आणि त्या वर्षी पाऊसही आधीच्या वर्षापेक्षा बरा झाला होता. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाच्या तीन विहिरींबद्दल काही म्हणता आलं असतं, आणि तेही ‘कदाचित’ लावून.

मी खोटं लिहिलं नव्हतं. तक्त्यातला प्रत्येक आकडा खरा होता. पाइपची नोंद गळून पडली, कारण तीन रकान्यांत पाइपला जागा नव्हती. फेअर करणं म्हणजे नेमकं काय, हे मला त्या दिवशी समजलं. जे नमुन्यात बसत नाही ते मागे ठेवून पुढे जाणं म्हणजे फेअर करणं, आणि आपण ते पाचवीपासून इतकं करतो की करताना हाताला जाणवतही नाही. प्रॅक्टिकलच्या तासाला सगळ्यांनीच ‘रीडिंग ॲडजस्ट’ केलेली असतात. पेंडुलमच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाची किंमत ९.८ च्या जवळ यायला हवी हे आधीच माहीत असतं, मग उत्तराकडून उलटं जात रीडिंग लिहिली जातात. जर्नल सर्टिफाय होतं. यात मुलांना दोष देऊ नये, त्यांना गुण कशाचे मिळतात ते पाहावं. ९.४ आलं आणि का आलं याचा दीड पान शोध घेतला, तर त्या मुलाला जास्त गुण मिळतील अशी सोय कुठल्या जर्नलमध्ये आहे?

केंद्रीय बोर्डातही चित्र फार वेगळं नाही. बारावीच्या रसायनशास्त्रात प्रकल्पाला प्रात्यक्षिकाच्या ३० पैकी ४ गुण असतात. अभ्यासक्रमात सुचवलेले विषय, पिकत जाणाऱ्या पेरूमधलं ऑक्झलेट किंवा वेगवेगळ्या दुधांतलं केसीन, खरं तर उत्तम आहेत. बाजारातून पेरू आणून, रोज एक कापून मोजत गेलं तर त्यात एखाद्याचा महिना आनंदात जाईल. पण देशभर वर्षानुवर्षं तेच पेरू आणि तेच दूध फाइलींतून फाइलींत उतरत राहिलं आहे.

आपल्याकडे पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला तो न्यायालयामुळे. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण सक्तीने शिकवण्याचा निर्देश दिला, आणि अंमलबजावणीसाठी डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. प्रकल्प या विषयाचा गाभा व्हावा हे योग्यच होतं. हवा, पाणी, कचरा यांचं ज्ञान पाठांतराचं नाही. पण सक्ती आली तशी तयार फाइलही आली, आणि आता तर फाइल विकत आणायचीही गरज उरली नाही. फोनवर विषय टाकला की चॅटजीपीटी प्रस्तावनेपासून उपाययोजनेपर्यंत सगळं लिहून देतं, शुद्ध मराठीत. फेअर फाइलवरून मूल काय शिकलं हे ओळखायची जी थोडीफार शक्यता होती तीही संपली आहे. ज्यांना ही चिंता वाटते ते प्रकल्पच काढून टाका, लेखी परीक्षा घ्या म्हणतात. मला हे पटत नाही. फाइल निकामी झाली आहे, प्रकल्प नाही.

कच्च्या वहीतही खोटं लिहिता येईल, असं मला शिक्षकांनीच विचारलं आहे. येईल. पण पाचशे खोटे आकडे लिहिणं हे एक खोटा निष्कर्ष लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. खरे आकडे खडबडीत असतात. माझ्याच वहीत मी एकदा मोजून पाहिलं: ज्या पहाटे मला घाई होती, बस पकडायची होती, त्या दिवशीच्या नोंदींत शेवटचा आकडा ० किंवा ५ फार वेळा आला आहे. म्हणजे मी सेंटिमीटर नीट न वाचता जवळच्या पाचावर टेकवलं. त्या पानांवर अक्षरही वाकडं आहे. वही माणसाला उघडं पाडते. अनुभवी शिक्षकाला दोन पानं पाहून कळतं, की हा मुलगा विहिरीवर गेला होता की नाही. ‘त्या दिवशी पाऊस होता असं लिहिलंयस, मग टेप ओली झाली तेव्हा पाण्याची रेघ कशी ओळखलीस?’ एवढा एक प्रश्न पुरे. जो गेला होता त्याच्याकडे उत्तर असतं, आणि ते सांगताना त्याचा चेहरा उजळतो.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती खरी आहे. आमच्या तुकडीत ८० जण होते, पर्यावरण शिकवणारे सर मुळात जीवशास्त्राचे. त्यांच्यावर बोर्डाचं, निवडणुकीचं, पोर्टलवर माहिती भरण्याचं काम. आपला राग मी त्यांच्यावर काढणार नाही. पण हिशेब करून पाहा. दर विद्यार्थ्यामागे सात मिनिटं धरली तर ८० जणांचे ५६० मिनिटं होतात, म्हणजे सव्वानऊ तासांच्या आसपास. दोन दिवस. फाइलची चाळीस पानं वाचण्यापेक्षा वहीतली दोन पानं उघडून बोलणं लवकर होतं. वर्षभरात महिन्यातून एकदा वहीवर तारखेसह सही झाली, तर जानेवारीत एका रात्रीत वही लिहून काढण्याची वाट बंद होते. पानांना क्रमांक हवेत, पेनने लिहावं, खोडलं तरी खालचं वाचता यावं, आणि पान फाडू नये. शेवटी दोन पानी टिपण लिहावं आणि त्यात ‘मला अजून काय कळलेलं नाही’ हा भाग सक्तीचा असावा. यापेक्षा जास्त यंत्रणा लागत नाही.

ही सूचना काही आकाशातून आणलेली नाही. १९९३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वयाची मुलं आपल्या गावचा प्रश्न घेऊन प्रकल्प करतात, आणि त्यांच्याकडून कामाची रोजची नोंदवही अपेक्षित असते. तिथे निवडक मुलं जातात. मी म्हणते ते सगळ्यांसाठी. जे डॉक्टर-इंजिनिअर होणार नाहीत, बारावीनंतर शेती बघतील, दुकान टाकतील, ग्रामपंचायतीत निवडून येतील, त्यांच्यासाठी तर जास्तच.

पैशाचीही बाजू आहे. फाइलसाठी रंगीत प्रिंट, फोटो, बाइंडिंग. आमच्यासारख्या ठिकाणी तालुक्याला दोन चकरा. ज्याच्या घरी प्रिंटर आहे, ज्याचे वडील शिक्षक आहेत, त्याची फाइल देखणी होणारच. वही चाळीस रुपयांची, सगळ्यांची सारखी. माझ्या वर्गात एक मुलगा शेळ्या राखायचा. कुठल्या महिन्यात शेळ्या कुठल्या झाडाचा पाला खातात आणि कुठल्या झाडाला तोंड लावत नाहीत, हे तो बसमध्ये तासभर सांगायचा. त्याने ‘जागतिक तापमानवाढ’ या विषयाची तयार फाइल दिली. त्याच्याकडे वर्षभराची नोंद डोक्यात होती, ती कागदावर उतरवली तर तिला गुण आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ही गोष्ट मला माझ्या चुकीपेक्षा जास्त लागते.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र शाळेबाहेरचा आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा. इथे पाणी सपाट थरात नसतं, ते मुरमात, फटींत, दोन लाव्हाथरांच्या सांध्यात असतं, आणि शंभर पावलांवर परिस्थिती बदलते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. राज्याचं चित्र कळायला ते आवश्यक आहे. पण माझ्या ओढ्याच्या या अंगाला बंधारा उपयोगी पडला का, हे सांगायला गावातच मोजणारी माणसं लागतात. हिवरे बाजारमध्ये दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशात सात जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी स्वतः पर्जन्यमापक सांभाळले, दर पंधरा दिवसांनी विहिरी-बोअर मोजले, त्या आकड्यांवर हंगामाआधी गावाची बैठक घेतली. हे करणारे शेतकरी होते, त्यांतले कितीतरी जण फारसे शाळेत गेलेले नव्हते. आपल्याकडे गावोगावी अकरावी-बारावीची मुलं आहेत, त्यांना प्रकल्प सक्तीचा आहे, आणि त्यांच्या हातून आपण ‘पाणी हेच जीवन’ असा मथळा लिहून घेतो. जलयुक्त शिवारवर हजारो कोटी खर्च झाल्यावर २०२० मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने भूजल खरंच वाढलं का, असा प्रश्न केला. गावागावांत खऱ्या नोंदींच्या वह्या असत्या तर त्या प्रश्नावर पक्षांनी भांडण्याऐवजी गावांनी उत्तर दिलं असतं.

फेअर करण्याचा मोह मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही. बारावीच्या पुस्तकात आपण मिलिकनचा, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारा तेलाच्या थेंबाचा प्रयोग वाचतो. त्याच्या १९१३ च्या शोधनिबंधात ५८ थेंबांचे आकडे आहेत, आणि साठ दिवसांत तपासलेले सगळे थेंब हेच, असं तो म्हणतो. त्याच्या प्रयोगवह्यांत मात्र त्याहून पुष्कळ जास्त थेंब आहेत. कुठे ‘सुंदर, छापायचा’ असे शेरे, कुठे वगळण्याचे. यावर इतिहासकारांनी खूप वाद घातला. बरेच थेंब यंत्र नीट बसण्याआधीचे होते, त्याने काढलेली किंमत मूलतः बरोबर होती, असं बहुतेकांचं मत पडलं. पण हा वाद करता आला तो वह्या जपून ठेवल्या होत्या म्हणून. छापलेल्या निबंधातून काही कळलं नसतं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. वही हातात होती. माझा निष्कर्ष चुकला, चार विहिरींत बोअरचं पाणी होतं, दोन विहिरींचा बंधाऱ्याशी संबंध नसावा, आणि उरलेल्या तिनांबद्दल मला खात्री नाही, असं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग उपसरपंच म्हणाले, “म्हणजे आता बंधारा नको म्हणतेस का तू?” मी म्हणाले, “तसं नाही म्हणत, काका. मला माहीत नाही एवढंच म्हणते. आणखी दोन पावसाळे मोजायला पाहिजे.”

सहा नंबरच्या विहिरीचे तात्या मागे टेकून बसले होते. ते म्हणाले, “अगं पोरी, दर पंधरा दिवसाला माझ्या विहिरीवर यायचीस. पाइप कसला म्हणून मला विचारलं असतंस तर मी तेव्हाच सांगितलं असतं.”

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पाइप पाहिला होता, लिहून ठेवला होता, आणि विचारला नव्हता, कारण मला तीन रकाने भरायचे होते. परीक्षेच्या दिवशी कुणीतरी ते पान उघडून ‘हा निळा पाइप कसला?’ असं विचारलं असतं, तर मी संध्याकाळी तात्यांकडे गेले असते, आणि १ मेला गावासमोर दुसरंच काही वाचलं गेलं असतं.

आता मोजायचं काम चुलत बहीण करते. तिने माझ्या तक्त्याला चौथा रकाना जोडला आहे, त्याला नाव दिलंय ‘काय दिसलं’. गेल्या सुट्टीत मी वही पाहिली. नऊ नंबरसमोर तिने लिहिलंय: ‘मोटर बंद, पाइप नाही, तरी मागच्या वेळेपेक्षा ४० सेंमी वर. मालकांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. शेजारच्या मळ्यात शेततळं भरलंय, त्याचा प्लास्टिकचा कागद फाटलाय का ते बघायचं.’